वांग्यातल्या अळीचे दोन जीन

ही गोष्ट मी घरात इतक्या वेळा सांगितली आहे की "त्या कार्यशाळेत ना..." एवढं म्हटलं तरी आमचे हे चष्मा काढून पुसायला घेतात आणि मुलगी हेडफोन शोधायला लागते. म्हणून या वेळी लिहूनच काढते. कागद मधूनच उठून जात नाही.

मी प्राणिशास्त्र शिकवते. पुण्यातल्या एका पदवी महाविद्यालयात, सत्तावीस वर्षं. फळ्यावर झुरळाची पचनसंस्था मी डोळे मिटून काढते आणि मुलंही ती डोळे मिटूनच उतरवून घेतात. जिनोमही शिकवते, पण भूगोलाच्या बाई काश्मीर न बघता काश्मीर शिकवतात, तसा. त्यामुळे शहरातल्याच एका संशोधन संस्थेत सहा दिवसांची कार्यशाळा आहे आणि वांगी पोखरणाऱ्या अळीच्या जिनोमवर काम करायचं आहे, अशी नोटीस फिरली तेव्हा मी हात वर केला. दुसऱ्या कुणी केला नव्हता, हेही सांगायला हवं. भरल्या वांग्यासाठी वांग्याला चिरा दिल्या की आतून जी गुलाबीसर बया आपल्याकडे वळून बघते, तीच ही अळी.

"तुम्हा दोघींची जुनी ओळख आहे," हे म्हणाले. "जाऊन ये."

काम काय होतं ते सांगते, कारण ते कळलं नाही तर पुढे मी एवढी का भांडले ते कळणार नाही. जिनोम म्हणजे चार अक्षरांत लिहिलेला एक लांबच लांब मजकूर. त्यात शब्दांमध्ये जागा नाही, पूर्णविराम नाही, काही नाही. त्यातला कुठला तुकडा म्हणजे एक जीन, तो कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे आधी कॉम्प्युटर ठरवतो. फार झपाट्याने ठरवतो आणि तितक्याच झपाट्याने चुकतो. मग माणसांनी पडद्यासमोर बसून एकेक जीन तपासायचा आणि चूक असेल तिथे दुरुस्त करायचा. एकट्यादुकट्याच्या आवाक्यातलं हे काम नाही, म्हणून ठिकठिकाणच्या कॉलेजांमधून आम्हा तीस जणांना गोळा केलं होतं. प्रत्येकाला आपापले जीन वाटून दिलेले. शेजारच्याने आपलं काम तपासायचं, आपण शेजारच्याचं. आणि एक नियम होता. ज्याचा जीन, त्यानेच शेवटी 'अंतिम' हे बटण दाबायचं. दुसऱ्या कुणालाही, अगदी कार्यशाळेच्या प्रमुखांनाही, ते दाबता येत नसे. सगळ्यांची बटणं दाबून झाली की शनिवारी दुपारी बाराला यादी बंद होणार आणि जगातल्या कुणालाही वाचायला आणि खाली टिपण लिहायला खुली होणार.

पहिल्या दिवशी मी माझी अब्रू घालवली. जिनोमला दोन बाजू असतात. एका बाजूचा जीन डावीकडून उजवीकडे वाचायचा, दुसऱ्या बाजूचा उजवीकडून डावीकडे. कुठला कसा ते सांगायला पडद्यावर बाण असतो. बाण मी पाहिला नाही. सकाळपासून चहापर्यंत आणि चहापासून संध्याकाळच्या चहापर्यंत मी एका जीनची सुरुवात त्याच्या शेपटीकडे शोधत होते, आणि सापडत नाही म्हणून कॉम्प्युटरला नावं ठेवत होते. प्रमुखांनी सहज म्हणून माझा पडदा भिंतीवर दाखवला. पूर्ण हॉलने पाहिलं.

"मॅडम, तुमचा जीन मागून समोर चालून राहिला ना!" माझे शेजारी म्हणाले. विदर्भातल्या एका कॉलेजचे सर होते. आवाज खणखणीत, म्हणजे ज्यांना पडदा दिसला नव्हता त्यांनाही कळलं. तेव्हापासून तीन दिवस माझं नाव 'उलट्या मॅडम'.

गुरुवारी माझ्या वाट्याला चवीचे जीन आले. अळीच्या तोंडापाशी चव ओळखणारी प्रथिनं असतात, ती बनवणारे. हे सगळे जीन साधारण एका मापाचे होते. एकच बरोबर दुप्पट लांब. मी बाण आधी पाहिला. दोनदा पाहिला. बाण ठीक होता. मग आत शिरले. जीनच्या बरोबर मध्यावर एक 'थांबा'ची खूण होती. जीन संपला की अशी खूण येते. पण कॉम्प्युटरने काय केलं होतं? जीनमधले काही भाग शरीरात गाळले जातात, हे खरंच असतं. त्याचा फायदा घेऊन त्याने नेमका त्या खुणेचाच भाग 'गाळलेला' ठरवला होता, आणि पुढे गाडी सुरू ठेवली होती. त्या खुणेच्या थोडं पुढे नव्या जीनची व्यवस्थित सुरुवात दिसत होती.

पडद्यावर जीनच्या खाली बारीक रेघा असतात. जीन वापरात आला की अळीच्या शरीरात त्याच्या नकला होतात. त्या नकलांचे तुकडे गोळा करून तिथे मांडलेले असतात. डाव्या अर्ध्यावर सहा रेघा होत्या, उजव्यावर चार. मधली जागा ओलांडून दोन्हीकडे पाय ठेवणारी रेघ एकही नव्हती.

म्हणजे हा एक जीन नव्हताच. शेजारी शेजारी राहणाऱ्या दोघांची मधली भिंत पाडून कॉम्प्युटरने एकच दार ठेवलं होतं. मी तो तोडला, दोन केले.

विदर्भातल्या सरांनी तपासलं. या वेळी आवाज खाली. "दोनच आहेत मॅडम. मी लिहून देतो. पण मोठे सर मानणार नाहीत, पहा."

मोठे सर म्हणजे कार्यशाळेचे प्रमुख, ते शुक्रवारी आले. माणूस सज्जन, आवाज मऊ, प्रत्येकाला 'आपण'. माझ्या खुर्चीमागे उभे राहिले.

"मॅडम, हे आपण तोडलंत?"

"हो."

"रेघा फार थोड्या आहेत. आणखी नमुने घेतले तर मधली एखादी सापडेलही."

"सापडली तर मी स्वतः जोडीन. आज नाहीये."

"हरभऱ्यावरची घाटे अळी हिच्याच गोतावळ्यातली, पतंगांच्या. तिच्यात हा एकच लांब जीन आहे." हे मला ठाऊक नव्हतं. "तेव्हा उद्या बारापर्यंत एक करून टाकावा. आणि पहिल्या दिवशीसुद्धा आपण जरा..."

वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. फक्त हसले. पुण्यात अपमान अर्धाच करतात. उरलेला आपण घरी नेऊन पूर्ण करायचा असतो.

मी तो वारज्यातल्या घरापर्यंत स्कूटरवर घेऊन आले. संध्याकाळी कणीक तिंबता तिंबता ह्यांना सगळं सांगितलं.

"एक म्हणून टाक ना," हे म्हणाले. "तू एक म्हटलंस म्हणून अळी वांगी सोडणार आहे का?"

"अहो, प्रश्न अळीचा नाही."

"मग कोणाचा?"

तेव्हा नीट सांगता आलं नाही. आता सांगते. सत्तावीस वर्षं जे छापलंय ते मी फळ्यावर उतरवलं. 'हे चूक आहे' असं म्हणायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. आणि आली असेल तर मी मुकाट्याने पान उलटलं असेल. ही पहिली गोष्ट होती जी मी कुठे वाचली नव्हती, स्वतः बघितली होती. ती मी एक करून टाकली असती तर यादीत एकच राहिला असता, पुढचे लोक यादी बघून एकच म्हणाले असते, आणि मी पुन्हा झुरळ काढायला मोकळी. कणीक त्या दिवशी दगडासारखी झाली. हे पोळी दोन्ही बाजूंच्या दाढांनी चावत होते.

शनिवारी मी एक तास लवकर गेले. मनात एकच होतं: घाटे अळीत हा जीन एक आहे, असं म्हणतंय कोण? तिचा जिनोमही खुला होता. शोधला. लांब जीन सापडला, अगदी आमच्यासारखाच दुप्पट. मध्यावर तीच खूण, तसाच 'गाळलेला' भाग. ओलांडणारी रेघ तिथेही नव्हती. आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलं होतं की हा कॉम्प्युटरचा अंदाज आहे, माणसाने तपासलेला नाही.

मला एकदम हसू आलं. त्या अळीचं कॉम्प्युटरने ठरवलं, तिचं बघून आमच्या अळीचं ठरवलं, आणि आता दोन्हीकडे सारखं निघालं म्हणून बरोबर! परीक्षेच्या हॉलमध्ये अशा दोन पेपरांना आम्ही काय म्हणतो, ते मी इथे लिहीत नाही.

पावणेबाराला भिंतीवर सगळ्यांची नावं हिरवी झाली होती. एक पिवळं होतं. बाहेर मसालेभाताच्या पातेल्याचं झाकण निघालेलं होतं, त्यामुळे तीस लोकांची नजर माझ्यावर फारशी प्रेमाची नव्हती.

"मॅडम, बटण?" मोठे सर म्हणाले.

"दाबते. पण दोनवर."

"आपलं बोलणं झालं होतं ना?"

"आपलं झालं होतं. माझं व्हायचं होतं."

हे मी बोलले यावर माझा अजून विश्वास बसत नाही. उठताना खुर्ची मागे पडली, माईक आधी चालेना आणि मग फारच चालला. मी घाटे अळीचा तो जीन भिंतीवर लावायला सांगितला आणि कोपऱ्यातली ओळ वाचायला लावली.

सरांनी ती वाचली. पुन्हा वाचली. मग म्हणाले, "यावरून हे दोन आहेत असं सिद्ध होत नाही."

"नाही होत. पण एक आहे असंही होत नाही. त्या पानावर माणसाची नजरच पडलेली नाही. इथे पडली आहे. चार डोळे, आणि त्यातल्या दोन डोळ्यांना चष्मा."

"मी तपासलं न सर," विदर्भातले सर जागेवरूनच म्हणाले. "खाली लिहून दिलं आहे मी."

मागून कुणीतरी म्हणालं, "अहो मॅडम, भात गार होतोय."

"होऊ दे," मी म्हटलं.

कॉलेजात मी पोरांना साधं 'गप्प बसा' म्हणतानाही आधी घसा खाकरते. त्या दिवशी खाकरला नाही. म्हटलं, "पहिल्या दिवशी मी उलटं वाचलं. सगळ्यांनी पाहिलं. ती माझी चूक होती आणि ती मी दुरुस्त केली. पण म्हणून आज जे दिसतंय ते मी न दिसल्यासारखं करणार नाही. यादी अडून राहिली तरी राहू दे. एक मी लिहिणार नाही."

सरांनी भिंतीवरचा जीन मोठा करून घेतला आणि रेघा एकेक करून पाहिल्या. त्यांना राग आला असता तर मला सोपं गेलं असतं. ते नुसते विचार करत होते.

"ठीक आहे," शेवटी म्हणाले. "दोन ठेवा. पण कारण आपल्या शब्दांत, आपल्या नावाने खाली लिहायचं. उद्या चूक ठरलं तर ते आपल्या नावावर."

"चालेल."

चार ओळी लिहायला मला दहा मिनिटं लागली, आणि त्या दहा मिनिटांत मला जे शिव्याशाप मिळाले असतील ते मिळाले. मध्यावरची खूण, पुढची सुरुवात, न सापडलेली रेघ आणि न तपासलेली घाटे अळी, एवढंच लिहिलं. मग बाण पुन्हा एकदा पाहिला आणि बटण दाबलं. दोनदा, कारण आता ते दोन होते. यादी बाराला बंद व्हायची ती सव्वाबाराला झाली. भात खरंच गार झाला होता. विदर्भातले सर म्हणाले, "जरा तिखट कमीच आहे," आणि दुसऱ्यांदा वाढून घेतला.

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, "आणि उद्या खरंच एकच निघाला तर?"

"तर मी चुकले असं लिहीन. माझ्याच नावाने."

काही महिन्यांनी माझ्या ओळींखाली परदेशातल्या कुणीतरी टिपण लिहिलं: हे दोन जीन पुन्हा जोडावेत असं सुचवतो. कारण काही दिलं नव्हतं. इंग्रजीत भांडायची मला सवय नाही, म्हणून मुलीला शेजारी बसवलं. ती म्हणाली, "आई, 'कृपया विचार व्हावा' असं काहीतरी लिही, पोलाईट दिसतं."

मी लिहिलं, पुरावा दाखवा. कृपया तिने घातलं. त्यालाही आता वर्ष होत आलं, पुरावा आलेला नाही. आठवड्यातून एकदा मी ते पान उघडून बघते. दोन आहेत.