माहेरच्या पाण्याचा गडवा

चंपतरावांची मोटारसायकल लांबूनच ओळखू यायची. मागे दोन्ही बाजूंना हवा भरलेल्या फुगीर पिशव्या, पिशव्यांत रोहू-कतला माशांची बोटभर पिल्लं, आणि हँडलला फडक्यानं तोंड बांधलेला पितळी गडवा. पिल्लांना इकडे बोटुकली म्हणतात आणि धानाला पाणी पुरवणाऱ्या छोट्या तलावांना बोड्या. रामटेकपासून मौद्यापर्यंतच्या कितीतरी बोड्यांत गेली तीस वर्षं बोटुकली सोडली ती या एकाच माणसानं.

सोडण्याची त्यांची रीत ठरलेली होती. पिशवी आधी अर्धा तास बोडीत तरंगत ठेवायची, मग तोंड उघडून पिल्लं आपापली बाहेर जाऊ द्यायची आणि शेवटी गडव्यातलं पाणी वरून ओतायचं. हे पाणी त्यांच्या घरामागच्या जुन्या तलावाचं. वडिलांनी तशी शिकवण दिली होती.

"पोरगी सासरी चालली, मॅडम," ते मला पहिल्याच भेटीत म्हणाले. "माहेरचं थोडं पाणी संगं असलं का तिचा जीव रमते."

मी त्या गडव्याचा फोटो काढला आणि मैत्रिणींना पाठवला. नागपूरच्या एका प्रयोगशाळेत जनावरांच्या पोटातले कृमी तपासण्यावर माझं पोट चालतं, आणि तो गडवा बघून मला सुचलं काय, तर फोटो. याचा मला अजूनही स्वतःवर राग येतो.

आमची भेट झाली ती भांडणामुळे. यंदा श्रावणात मौद्याकडच्या सात बोड्यांत बोटुकली मरू लागली. अंग वाळलेलं, पोट तेवढं फुगलेलं. चिरून पाहिलं तर आतड्यात पांढऱ्या फितीसारखा कृमी. शिजवलेला मासा खाणाऱ्या माणसाला त्याचं भय नाही, पिल्लांचा मात्र तो काळच. मुळात हा कृमी आपल्याकडचा नव्हे. परदेशातून आणलेल्या गवत्या माशाच्या, म्हणजे ग्रास कार्पच्या, पोटात बसून तो आला आणि इथलाच होऊन बसला.

सातही बोड्यांत बीज, म्हणजे सोडलेली बोटुकली, चंपतरावांचं होतं. त्यातल्या तिघा बोडीमालकांनी मात्र बाहेरून आलेल्या एका व्यापाऱ्याकडूनही थोडं घेतलं होतं. मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष मारोतराव तोंडाचे फटकळ. त्यांनी भर बाजारात चंपतरावांना बोल लावला.

"माया बीजाले नाव ठेवून राहिले काय?" चंपतराव म्हणाले. "करा ना तपासणी. पुरी करा."

त्यांनीच हट्ट धरला म्हणून आम्ही तपासणी हाती घेतली. त्यांची बोटुकली मी स्वतः नेऊन पाहिली. एकाही पिल्लात कृमी नव्हता, कारण ती वाढायची सिमेंटच्या हौदात, बोअरच्या पाण्यावर. जुन्या तलावाशी त्यांचा संबंधच नव्हता. चंपतरावांनी तो अहवाल लॅमिनेट करून घेतला आणि आठवडी बाजारात भेटेल त्याला दाखवला. मलाही बरं वाटलं. हा माणूस मला आवडू लागला होता, खोटं कशाला बोलू.

पण तपासणी अजून संपली नव्हती. सातही बोड्यांतले कृमी आणि त्या व्यापाऱ्याच्या माशांतले कृमी मी जनुकांच्या तपासणीला दिले होते. एक रीत म्हणून चंपतरावांच्या जुन्या तलावात गेल्या साली तण खायला आणून सोडलेल्या मोठ्या गवत्यांच्या पोटातलेही दिले. एकाच्या वहीतून दुसऱ्यानं आरती उतरवून घेताना एक अक्षर चुकलं, तर पुढं त्याच्या वहीतून उतरवणारा प्रत्येक जण तीच चूक उतरवतो. कृमीच्या जनुकांतही अशा चुका पिढ्यान्‌पिढ्या उतरत जातात. कुणाच्या वहीत कुठली चूक, हे पाहिलं की कुणी कुणाकडून घेतलं ते कळतं.

निकाल आला. व्यापाऱ्याच्या कृमींचं घराणंच वेगळं निघालं. जुन्या तलावात चार प्रकारच्या चुका सापडल्या. सात बोड्यांत त्या चारांपैकीच एखाद-दुसरी होती, पाचवी कुठंच नाही. म्हणजे मूळ वही जुन्या तलावात होती.

पिल्लं तर स्वच्छ होती. मग कृमी तिथून बोड्यांत गेला कसा? मी फोनमधला तो गडव्याचा फोटो उघडला. या कृमीची अंडी पाण्यात फुटतात, ठिपक्याएवढे पाणकिडे त्यांतून निघालेल्या अळ्यांना गिळतात आणि त्या किड्यांना मासे खातात. जुन्या तलावाच्या गडवाभर पाण्यात असे किडे शेकड्यांनी असणार.

सोसायटीची सभा दुपारी तीनला होती. मी नागपुरातल्या हुडकेश्वरहून सकाळीच निघाले आणि अकराच्या सुमारास चंपतरावांच्या अंगणात पोचले. मी त्यांना सगळं सांगितलं. यमुताईंनी, त्यांच्या बायकोनं, आणलेला चहा तसाच राहिला.

"आता काय करावं लागते?" त्यांनी विचारलं.

"यंदा जिथं जिथं पाणी टाकलं, तिथले मासे काढायचे. बोडी पूर्ण आटवायची, चुना मारायचा. तिथलं पाणी, मासा दुसरीकडे न्यायचा नाही."

"म्हणजे वर्ष गेलं त्यायचं."

"हो."

यमुताई दारातच उभ्या होत्या. "मॅडमले सातच माहीत हायेत ना?" त्या म्हणाल्या. "मंग सातच राहू द्या. काहून बाकीच्यायचं नाव घेता? आन भूमिकाच्या शेततळ्यातबी टाकलं काय जी तुमी?"

भूमिका त्यांची एकुलती एक मुलगी. तिच्या नवऱ्यानं, पियूषनं, वीज केंद्रातली कंत्राटी नोकरी सोडून यंदा शेततळं खणलं होतं आणि सासऱ्याच्या शब्दावर पहिलं बीज टाकलं होतं. तिथली पिल्लं अजून मजेत होती. कालच तिचा फोन आला होता, उड्या मारतात म्हणून.

चंपतराव माझ्याकडे वळले. मला एवढंच म्हणाले, "सभेत मले पहिले बोलू द्या. तुम्ही मांगून बोला."

मी हो म्हटलं आणि वाटेत स्वतःला शिव्या घातल्या. त्यांनी गडव्याचं नाव न घेता वेळ मारून नेली तर मी काय करणार होते? अहवालात सात बोड्या आणि एक तलाव होता. बाकी कुठं कुठं पाणी पडलं, ते फक्त त्यांच्या डोक्यात होतं.

समाजमंदिरात पन्नासेक माणसं जमली होती. तिसऱ्या ओळीत पियूष बसला होता, नव्या सभासदाला शोभेल असा इस्त्रीचा शर्ट घालून. मारोतरावांनी उठून चक्क माफी मागितली.

"चंपतरावाचं बीज साफ निघालं. माया बोलण्यात चूक झाली. हा सारा त्या बाहेरच्या व्यापाऱ्याचा उपद्रव हाये. त्याले बंदी घालू आन विषय संपवू."

लोकांनी माना डोलावल्या. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. मी चंपतरावांकडे पाहत होते. त्यांनी काही करायचंच नव्हतं. नुसतं बसून राहिलं असतं तरी पुरे होतं, बीजही विकलं गेलं असतं आणि नावही राहिलं असतं.

ते उठले. थैलीतून गडवा काढला आणि मारोतरावांपुढच्या टेबलावर ठेवला.

"त्या व्यापाऱ्याचा दोष नाही. हा दोष माया. बीज साफ होतं, पाणी खराब होतं. ह्या गडव्यानं म्या तुमच्या बोड्यायमंधी रोग ओतला, आपल्या हातानं. मले माहीत नव्हतं, पण ओतला म्याच."

मारोतरावांचं तोंड उघडंच राहिलं.

"आन त्या सात नाहीत," चंपतराव म्हणाले. "मॅडम, लिहून घ्या."

त्यांनी एकेक नाव घ्यायला सुरुवात केली. गाव, बोडी, मालक. नाव आलं की तो माणूस खुर्चीत सावरून बसायचा. एकजण शिवी हासडून बाहेर निघून गेला. चंपतराव थांबले नाहीत. माझ्या वहीत पंचवीस नावं झाली, तेव्हा त्यांनी टेबलाचा काठ धरला. पियूष त्यांच्याकडे बघत होता. त्याला अजून काही उमगलं नव्हतं.

"आमचे जावाई," ते म्हणाले. "त्यायच्या शेततळ्यात दोन गडवे. घरची पोरगी म्हणून."

पियूषनं मान खाली घातली. माझा पेन कागदावर टेकलेला होता आणि पुढं सरकत नव्हता.

"थांबू नका, मॅडम," चंपतराव म्हणाले. "लिहा. सव्वीस."