गियरचा गोंडा

धुळ्याच्या त्या ट्रक-सर्व्हिस सेंटरमधल्या साहेबांचं नाव मी विचारलं नाही. पण नाही म्हणायच्या आधी ते चष्मा पुसायचे, एवढं पक्कं लक्षात आहे. यावलहून माझी केळी घेऊन निघालेल्या नव्या ट्रकचा गियरबॉक्स सोनगीरजवळ गेला होता. आत केळी पिकत होती.

साहेबांनी गियरच्या दांड्याला बांधलेला लाल गोंडा पाहिला आणि चष्मा पुसला.

"बाहेरचं सामान लावलंय. वॉरंटी गेली."

ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, हाऊ गोंडा तुम्हीच बांधेल शे!"

त्याने मोबाइलवर फोटो दाखवला. नव्या गाडीची पूजा, नारळ, पेढे आणि हसत हसत गोंडा बांधणारे हेच साहेब.

साहेबांनी फोटो मोठा करून पाहिला. पुन्हा चष्मा पुसला.

"तेव्हा मी सेल्सला होतो."