हजर होती, राजी नव्हती

आधी जयश्रीताईंचं नाव घेते. दहिवलीहून रोज आमच्या वाडीवर येणाऱ्या अंगणवाडीच्या बाई. महिन्यापूर्वी आत्याच्या मातीच्या वेळी त्यांनी व्हिडिओ लावून फोन धरून ठेवला, म्हणून इथे तिरुपूरला, शिलाई कारखान्याच्या जिन्यात बसून, काशीआत्याचं तोंड मला शेवटचं बघता आलं. रजा मिळाली नाही. दुसऱ्यांदा मागितली नाही... काम गेलं तर, ही धास्ती माझी पाठ सोडत नाही.

दवाखान्याच्या कागदावर लिहिलंय, आत्या दम्यानं गेली. तिनं जन्मात विडी ओढली नव्हती. ज्या कंपनीचा धूर वाडीवर उतरतो, तिचं नाव कागदावर नाही. ओढ्याला कंपनीचं पाणी आलं, बोअरिंग पिवळं झालं, लांबून हंडे आणायला घरात माणूस हवं झालं, तेव्हा माझी शाळा सातवीत सुटली. आत्या शिळफाट्याला रानभाजी विकायची. गिऱ्हाइकानं विचारलंच तर म्हणायची, "ओढ्याच्या वरची हाय, ताई, बिनघोर खा. खालची मी खुडत नाय. खालचं पाणी मात्र आमीच पितो."

कंपनी वाढवायची म्हणून, लोकांची हरकत आहे का ते ऐकायला, हायवेलगत मांडव घालून सुनावणी झाली. वाडीत माझं अक्षर चांगलं. मांडवातला एक माणूस गोड बोलला, "हजेरी तेवढी लिही." मी सगळ्यांची नावं लिहिली, अंगठे घेतले. मिरवलेसुद्धा. पुढे जयश्रीताईंनी त्या कागदाची नक्कल आणली. नावांच्या वर कोणीतरी टाइप केलं होतं, 'आमची हरकत नाही.' मी ती आत्याला वाचून दाखवली.

आत्या ओरडली नाही. "तुला लिवता येतं म्हणून तुला धरलं त्यांनी. ऊठ गं, त्याच हातानं परत लिव." मग दारोदार ती पुढे, मी मागे, कोरे कागद जयश्रीताईंनी दिलेले. ज्याची हरकत त्याच्याच शब्दांत लिहिली, खाली त्याचा अंगठा. कुणाच्या अंगाला खाज, कुणाची शेळी मेलेली. आत्या धाप लागली की दारात बसायची, पण घर चुकवायची नाही.

ते कागद घेऊन आम्ही कलेक्टर कचेरीत गेलो. तिथले साहेब म्हणाले, "मावशी, तुमचे अंगठे आहेत की आधीच्या कागदावर."

"हजर व्हतो म्हणून. लग्नाला आलेला परतेक जण नवरा असतो का, सायेब?"

हाताखालचे कारकूनसुद्धा हसले. साहेबांनी कागद घेतले, पोच दिली. कंपनीची वाढ तिथेच अडकली, ती अजून अडकलेली आहे. आत्याला मातीत ठेवलं, पण तिच्या अंगठ्याची हरकत त्या फायलीत आहे आणि ती कुणाला काढता येणार नाही. तिला दमेकरी म्हणून विसरायला मी तयार नाही. ती भांडून गेली.

जयश्रीताई, परवा फोनवर तुम्ही सहज बोलून गेलात, तुमच्या वस्तीमागेही आता टँकर येऊन काळं पाणी ओततात. मी तेव्हा रजेचाच विचार करत होते. आता सांगते. मी येईन. आज नाही जमणार, पण येईन. तुमच्या वस्तीतलं एकेक दार मी वाजवीन, आणि लिहिलेलं प्रत्येकाला वाचून दाखवल्याशिवाय एकाचाही अंगठा घेणार नाही.