नोएलियाबाईंचा एकच प्रश्न

आमच्या गावात तोंडावर 'माहीत नाही' म्हणायची पद्धत नाही. परका माणूस रस्ता विचारायला आला, की ठाऊक नसला तरी आम्ही तो हात करून ऐटीत सांगतो. बिचारा जाऊन पोचतो कुणाच्या तरी कॉफीच्या मळ्यात, पण दारातून रिकामा गेला असं तर होत नाही.

याच माणुसकीने नोएलियाबाईंचा घात केला.

बाईंनी जन्मभर शाळेचे गणवेश शिवले. गावातल्या एकूण एक कमरेचं माप त्यांना पाठ. म्हणून आरोग्य केंद्राने घरोघरच्या पाहणीचं काम त्यांना दिलं. प्रश्न एकच: सीपीआर येतो का? म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून त्याला जगवता येतं का. निम्म्याहून जास्त लोक 'नाही' म्हणाले, तर शिकवणारी माणसं आमच्याकडे येणार, नाहीतर पलीकडच्या गावी.

बाईंना ती माणसं हवीच होती. फेब्रुवारीत त्यांच्या नवऱ्याला, फाबियोला, हृदयाचा झटका येऊन गेला होता. दुसरा कधीही येईल असं डॉक्टर म्हणाले होते, आणि इस्पितळ जीपने दीड तासावर.

पहिल्या आठवड्यात एकेचाळीस घरं झाली. एकेचाळीस कप कॉफी पोटात गेली आणि एकेचाळीस वेळा 'येतो' लिहावं लागलं. लेओनेल किराणावाला म्हणाला, येतो म्हणजे काय, कानशिलाला स्पिरिट चोळायचं. पाववाल्या रुबिएलाने पट्टा सैल करून वारा घालायला सांगितलं. पाद्रीबुवांना येत होता तो फक्त शेवटचा विधी, पण त्यांनीही 'येतो'च सांगितलं. आणि मी? मी गावचा न्हावी. न्हाव्याने कधी कुठल्या विषयात माघार घेतलीय?

शनिवारी बाई माझ्या दुकानात पुन्हा हजर. मागे फाबियो, काखेत एक उशी, उशीला त्याचाच जुना शर्ट.

"अर्सेसिओ, तोंडाने पुष्कळ झालं. आता करून दाखव."

दुकानात सात गिऱ्हाईकं बसलेली. मी बाह्या सारल्या आणि उशी दणादण दाबली.

"तिथे त्याचा नाश्ता असतो," बाई म्हणाल्या.

सगळे खो खो हसले. मला राग आला. माझ्याच दुकानात माझी शोभा! उशीच फार मऊ आहे, खरा माणूस असता तर दाखवलं असतं, असं मी फणकाऱ्याने बोललो.

फाबियोने टोपी काढली आणि गुपचूप खाली फरशीवर, कापलेल्या केसांत आडवा झाला. "दाबू नकोस," तो म्हणाला. "नुसता हात ठेव. कुठे ठेवायचा तेवढं दाखव."

मी गुडघे टेकले. तीस वर्षं या माणसाची दाढी करतोय, पण त्याच्या छातीला कधी हात लावला नव्हता. शर्टाखाली धडधड लागत होती. हात डावीकडे नेला, मध्ये आणला, वर सरकवला. कुठेच ठरेना. मला भीती वाटली, खरंच भीती वाटली.

"बाई, मला येत नाही."

दुकानात कुणी हसलं नाही. बाई माझ्या शेजारी खाली बसल्या.

"मलाही येत नाही, अर्सेसिओ. हा पडला तेव्हा मी स्वयंपाकघरात याला पाजायला गुळाचं पाणी उकळत बसले होते. तो वाचला, पण माझ्यामुळे नाही."

मग त्यांनी कागद काढून माझा 'येतो' खोडला. गिऱ्हाईकं एकेक करून उठली आणि आपापलं नाव शोधून 'नाही' लिहायला सांगू लागली. फाबियो अजून खालीच होता. त्याला उठवायला मी हात पुढे केला, तर तोच मला म्हणाला, "हात थरथरतोय तुझा. आज दाढी राहू दे."