डिकीत तळणीचं तेल: बेळगाव ते बंगळूर

बंगळूरला मी अनेकदा गेले आहे, पण गाडीच्या डिकीत दुसऱ्यांच्या घरचं जळकं तेल घालून कधी गेले नव्हते. माझी वहिनी माधवी जानेवारीतल्या एका रविवारी दारात उभी राहिली आणि म्हणाली, "स्मिते, परवा बंगळूरला येतेस? गाडी तू चालव, पेट्रोल मी घालतो." आमच्या बेळगावकडच्या बायका "घालतो, जातो" असंच बोलतात, तेव्हा मुद्रणदोष समजू नका. मला गाडी चालवायला कुणी नुसतं विचारलं तरी मी चपला शोधायला लागते. लगेच हो म्हटलं.

आता हे तेलाचं काय प्रकरण, ते आधी सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. विमानाच्या इंधनात थोडं हिरवं, म्हणजे कचऱ्यापासून किंवा पिकांपासून केलेलं इंधन मिसळायचं, असं सरकारचं धोरण आहे. २०२७ पासून आंतरराष्ट्रीय उड्डाणांत एक टक्का, पुढच्या वर्षी दोन, असं उद्दिष्ट आहे. हे इंधन वापरलेल्या खाद्यतेलापासूनही होतं. त्यामुळे जे तेल आपण मोरीत ओततो, त्याला एकदम मान आला आहे. वहिनीची बालवाडीची नोकरी गेली तेव्हा तिनं हे काम धरलं. वर्षभर आमच्या गल्लीगल्लीत फिरून "तळणीचं तेल द्या हो" म्हणत डबे गोळा केले. बंगळूरच्या एका कंपनीला बेळगावातून तेल गोळा करणारं माणूस हवं होतं. नमुने पास झाले तर ते काम वहिनीचं. लग्नानंतर या बाईनं स्वतःसाठी मागितलेली ही पहिली गोष्ट. मला तिच्यापेक्षा जास्त धाकधूक होती.

मंगळवारी पहाटे निघालो. डिकीत नमुन्याचे पाच-पाच लिटरचे आठ डबे, खाली जुनी सतरंजी, वर ताडपत्री. तीन डबे भजीच्या गाड्यांवरचे, काळेकुट्ट. पाच घरगुती, त्यांतलं तेल बघत राहावं असं सोनेरी. वहिनी ते मला अभिमानानं दाखवत होती. "बघ की, बायकांनी कसं फडक्यातनं गाळून दिलंय. कंपनीच्या मॅडमना हेच पहिल्यांदा दाखवायचं."

रस्त्याबद्दल विचारणाऱ्यांसाठी: धारवाड-हुबळीपर्यंत छान, हावेरीच्या आसपास काम चालू असेल तर सर्व्हिस रोडवर उतरवतात आणि तिथं ट्रकवाल्यांची मर्जी सांभाळत जावं लागतं. फास्टॅगमध्ये हजारभर रुपये असू द्या. दावणगेऱ्याला गावात शिरलात तर अर्धा तास जातो, पण बेन्ने दोसा खाल्ल्याशिवाय पुढं जाणं मला जमत नाही. माणशी शंभरच्या आत पोट भरतं. लोण्याचा गोळा अजून पुरता वितळला नव्हता, तेवढ्यात वहिनीचा फोन वाजला.

कंपनीतून होता. वहिनी कन्नडमध्ये "सरी, सरी", म्हणजे "बरं, बरं" म्हणत राहिली आणि तिचा चेहरा उतरत गेला. कुठल्याशा गावाहून आलेल्या मालात ताजं पामतेल सापडलं होतं. जळक्या तेलाला भाव आल्यापासून नवं तेल "वापरलेलं" म्हणून खपवणारे निघालेत म्हणे, म्हणून उद्या प्रत्येक डबा उघडून तपासणार. एकदा नाव खराब झालं की दुसरी कुठली कंपनीही दारात उभं करत नाही.

"अगं, आपल्याला काय त्याचं? आपलं तेल खरं आहे," मी म्हटलं.

"खरंच आहे की," ती म्हणाली. पण दोसा तिनं अर्धाच खाल्ला आणि बशी माझ्याकडं सरकवली. मी खाल्ला. टाकायला मला जमत नाही.

चित्रदुर्गाच्या पवनचक्क्या, शिरा गावाजवळचा रखरखाट, सगळं मागं गेलं आणि दोघींच्या बोलण्यातला मोकळेपणाही गेला. कुठल्याही गतिरोधकावर ती "हळू गं" म्हणायची, मी "माहीत आहे गं" म्हणून खेकसायचे. एक उपयोगी गोष्ट सांगते. तुम्हाला शहराच्या उत्तरेला जायचं असेल तर नेलमंगलापर्यंत जाऊ नका. डाबसपेठला डावीकडं वळा आणि दोड्डबळ्ळापूरमार्गे यलहंकात उतरा. तुमकूर रोडच्या गर्दीत तासभर क्लच दाबत बसण्यापेक्षा हे बरं. यलहंकात स्टेशनजवळ दोघींची खोली अठराशेला मिळाली, स्वच्छ, गरम पाण्याची. रात्री वहिनी दोनदा उठून खिडकीतून खाली गाडी बघून आली.

सकाळी डोक्यावरून विमानं जात होती. मला वाटलं वहिनी हरखून बघेल, पण तिनं मान वर केली नाही. दोड्डबळ्ळापूरच्या औद्योगिक वसाहतीत कंपनीचं गोदाम होतं. गेटवरचा माणूस म्हणाला, "स्वल्प वेट माडी." थोडं थांबा. ते थोडं चांगलंच लांबलं. आमच्या पुढं हुबळीचा एक गृहस्थ पिकअप घेऊन उभा होता, हॉटेलांच्या तेलाची पिंपं भरून. सगळे त्याला अण्णा म्हणत होते, आम्हीही म्हणायला लागलो. त्याची आई निपाणीची, त्यामुळे मराठी आमच्यासारखंच. त्यानं थर्मासमधला चहा आम्हाला दिला आणि सांगितलं की तपासणीच्या मॅडम कडक आहेत, पण माणूस वाईट नाही.

मॅडम चाळिशीच्या, बारीक, केसांत मोगरा. एका भांड्यात तेल कोमट करायच्या आणि थर्मामीटरसारखं एक यंत्र त्यात बुडवायच्या. तेल किती जळलंय त्याचा आकडा त्यावर येतो. पंचवीसच्या वर गेलं की ते तेल खायला अयोग्य. म्हणजे जेवायला नापास आणि इथं पास. वहिनीनं ठरवल्याप्रमाणं सोनेरी डबे पुढं केले, अगदी पदरानं पुसून.

पहिला आकडा आला सात. मॅडमनी यंत्र पुसून पुन्हा बुडवलं. सात. दुसरा डबा, नऊ. तिसरा, आठ.

"हे दुकानातलं तेल आहे," मॅडम कन्नडमध्ये म्हणाल्या. आवाज चढवला नाही, ते जास्त लागलं. "यात थोडं वापरलेलं असेल, बाकी नवं. कुणाकडून घेतलं?"

वहिनीच्या तोंडचं पाणी पळालं. माझा तर संताप झाला. वर्षभर उन्हातान्हात फिरलेली ही बाई, आणि हिच्यावर चोरीचा आळ? चोर सोडून संन्याशाला फाशी. मी तोंड उघडणार तोवर वहिनीनं माझा हात दाबला आणि कुलकर्णी काकूंना फोन लावला. या काकू आमच्या भजनी मंडळाच्या म्होरक्या. घरगुती डबे सगळे त्यांच्याच ओळखीतले. फोन स्पीकरवर होता.

"काकू, खरं सांगा. तेलात काय घातलंत?"

मग काकू म्हणाल्या, "अगं माधवी, तळणीचं तेल आमच्याकडं उरतंय कुठं? फोडणीत संपतंय की. पण तू आशेनं डबा घेऊन दारात उभी राहणार. रिकामी कशी पाठवायची? मग मीच सगळ्यांना सांगितलं, वाटी-वाटी चांगलं घाला. पोरीचं काम उभं राहू दे. शिवाय विमानाला घालणार म्हणालीस. तिथं काळं तेल देणं बरं दिसतं होय?"

मला हसू आणि रडू दोन्ही एकदम आलं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. वहिनी मात्र हसली नाही. तिनं काकूंचं बोलणं शब्द न शब्द कन्नडमध्ये मॅडमना सांगितलं, स्वतःला वाचवायला एक शब्द वाढवला नाही. मॅडम यंत्राची तार गुंडाळत ऐकत राहिल्या.

"माझी आईसुद्धा असंच करेल," त्या शेवटी म्हणाल्या. "पण मशीनला आई नाही. मी फेल लिहिलं तर तुमचं नाव फेल होतं. जेवून येते, तोवर ठरवा." आणि त्या आपला जेवणाचा डबा घेऊन आत गेल्या.

आम्ही गोदामाच्या सावलीत उभ्या. अण्णा जवळ आला, इकडंतिकडं बघितलं आणि हळू आवाजात म्हणाला, "अक्का, टेन्शन घेऊ नका. माझ्या पिंपातलं काळं तेल घ्या, तुमच्या डब्यांत अर्धं-अर्धं ओता. सगळे पास. मला काही नको."

खरं सांगते, मला ते एकदम पटलं. "घाल की वहिनी!" मी म्हटलं. "तू कुणाला फसवलेलं नाहीस. मग शिक्षा तूच का भोगायची?" अण्णानं ओतायला प्लास्टिकचा मगही आणला. वहिनीनं एका सोनेरी डब्याचं झाकण काढलं आणि ती नुसती बघत राहिली. मॅडम कुठल्याही क्षणी येतील असं वाटत होतं.

"स्मिते," ती म्हणाली, "काकूंच्या घरात महिन्याला मोजून तेल आणतात. त्यातलं वाटीभर काढून दिलंय. खायचं तेल हे. असं तेल जाळू नये म्हणूनच तर हे सगळं चाललंय ना? आणि आज मिसळलं तर पुढच्या महिन्यात पण मिसळावं लागणार. तेव्हा अण्णा असणार काय?"

तिनं झाकण घट्ट लावलं. अण्णा "सरी अक्का" म्हणून आपला मग घेऊन गेला. मी चिडले होते. इतकी चिडले की बाजूला जाऊन उभी राहिले.

मॅडम आल्यावर वहिनीनं सांगितलं, "हे पाच डबे मी परत नेतो. तीन तेवढे तपासा." भजीच्या गाड्यांचे तिन्ही डबे दणक्यात पास झाले. पण तेवढ्या तेलावर काम मिळत नव्हतं. मॅडम म्हणाल्या, पुढच्या महिन्यात एवढंच नाही, चौपट आणा, आणि घराघराचं वेगळं आणा. जमलं तर काम तुमचं, नाहीतर आम्हाला दुसरं माणूस बघावं लागेल.

परतीच्या आधी मी वहिनीला जबरदस्तीनं मल्लेश्वरमला नेलं. आठव्या क्रॉसला गाडी लावायचा विचारही करू नका. मेट्रो स्टेशनजवळ लावा आणि चालत या. फुलं, गजरे, पितळी समया, हातात मावणार नाही इतकी शेवंती. वहिनीनं काहीच घेतलं नाही. एका उपाहारगृहात इडली-वडा आला. वडा तिनं उलटापालटा करून बघितला आणि वेटरला विचारलं, "तळणीचं तेल तुम्ही नंतर कुठं देता?" तो गडबडला. मी मात्र तेव्हा कुठं मोकळा श्वास घेतला. ही अजून हरलेली नव्हती.

घरी आल्यावर खरा त्रास सुरू झाला. वहिनीनं डबे ज्याचे त्याला परत दिले. म्हणाली, खाऊ नका, जळकं मिसळलेलं आहे, पण तुमचं आहे, मी ठेवणार नाही. बायकांना ते झोंबलं. काकू तर दारातच म्हणाल्या, "दिलेलं परत आणतात होय गं?" आणि आत निघून गेल्या. त्यानंतर भजनाला वहिनी गेली की काकू तिच्याकडं न बघता टाळ वाजवायच्या. वहिनी घरी येऊन रडली. मी पहिल्यांदाच तिला रडताना बघितलं.

पण फिरायची ती थांबली नाही. घरं सोडली आणि मंगल कार्यालयांचे आचारी, चिवड्याचे कारखाने, वडापावच्या गाड्या धरल्या. ही माणसं मोरीत ओतण्यापेक्षा बरं म्हणून देतात, कुणी लाजत नाही. फेब्रुवारीत ती भाड्याचा टेम्पो घेऊन बंगळूरला गेली, या वेळी मला न घेता. सगळं पास झालं. काम मिळालं. तिनं स्वतःचं तपासणीचं यंत्रही घेतलं.

म्हणजे प्रवास सुफळ झाला म्हणायचा. कुणी विचारलं तर मी दोसा, डाबसपेठचं वळण आणि मल्लेश्वरमची शेवंती सांगते, आणि तुम्ही जा असं म्हणते. माझ्या मनात मात्र दुसरंच राहिलं आहे, ते मागच्या आठवड्यातलं.

मी वहिनीकडं बसले होते. दुपारची वेळ. कुलकर्णी काकू आल्या, पदराखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. "हे घे," त्या वहिनीला म्हणाल्या, "पण कुणाला दाखवू नको. अगदी काळं आहे. माझंच आहे, एक थेंब चांगलं घातलेलं नाही."

वहिनीचे डोळे भरून आले. तिनं तेल कोमट केलं आणि यंत्र बुडवलं. आकडा पंचवीस ओलांडून थेट अडतीसवर थांबला.

"पास झालं काय?" काकूंनी विचारलं, एखाद्या परीक्षेला बसल्यासारखा चेहरा करून.

"झालं काकू," वहिनी म्हणाली. ती आकड्याकडंच बघत होती. "कधीचं हो हे?"

"दिवाळीच्या चकल्यांचं. रोज थोडं थोडं फोडणीला वापरतो की आम्ही. आणखी हवं असलं तर आहे घरात, कढईत झाकून ठेवलंय. आता संध्याकाळच्या भाजीला घेणार होतो."

वहिनीनं गॅस बंद केला, यंत्र पुसलं आणि चपला घातल्या. "चला काकू," ती म्हणाली, "मी येतो तुमच्या स्वयंपाकघरात."