शेवटच्या ओळीतलं नाव

भागीरथीमावशी गाणं धरण्याआधी समोरच्या बायांतल्या एकीला विचारायची, "तुजं नाव काय गं?" गाण्याच्या शेवटच्या ओळीत रचणाऱ्याचं नाव घालायची रीत. मावशी मात्र तिथं त्या बाईचं नाव घालायची.

मी चौथीतून शाळा सोडलेली. बहात्तरच्या दुष्काळात, लग्न होऊन चिपळूणकडून सोलापुरात आले. नवरा गिरणीत. इथली बोली कळेना. नळावर कुणी ओरडेल म्हणून माझा नंबर सोडून मागंच उभी राहायचे. चाळीतल्या एका बारशाला मावशीनं नेमकं मलाच विचारलं. मी खाली बघत नाव सांगितलं. "सुमन म्हणे गं बायांनो, पाणी येईल दारी," असं तिनं नळाचं गाणं संपवलं. दुसऱ्या दिवशी नळावर हाक आली, "ये की सुमन, फुडं ये."

दिवसभर मावशी विड्या वळायची. मांडीवर तंबाखूचं सूप. ओळ सुचली की सुपाच्या काठावर बोटांनी ताल. लग्न, बारसं, जयंती, बोलावतील तिथं एकटीच जायची. एकदा एका गाणाऱ्या पार्टीचे मास्तर आले. म्हणाले, "गाणी तुमी रचा, नाव माझं लागंल. पगार बांधून देतो."

"गळा माजा हाय, मास्तर. त्याला मालक कशाला?"

मास्तर गेले, पण नळाचं गाणं घेऊन गेले. मोहोळच्या जत्रेत त्यांनी ते स्वतःचं नाव घालून गायलं. ऐकून आलेल्या बाया चिडल्या, मला तर रडू आलं. मावशी म्हणाली, "मोहोळपतूर गेलं की गाणं, बिगर तिकिटाचं!"

"पण मावशी, एकदा तरी तुझं नाव घाल ना. तुझं होतं हे कुणाला कळणार?"

"भागीरथी? लई लांब नाव हाय गं. तालात न्हाय बसत."

ती हसली खरी. त्या दिवशी सुपावर ताल मात्र वाजला नाही.

पुढे खोकल्यानं तिचा आवाजच गेला. ती बाजेवर, आम्ही भोवती. कुणीतरी नळाचं गाणं धरलं. शेवटची ओळ आली आणि सगळ्या अडखळल्या. नाव विचारणारीलाच बोलता येत नव्हतं. चारचौघींत तोंड उघडायला मी आजही भिते. पण तेव्हा 'गं बायांनो' गाळलं आणि म्हणून टाकलं, "भागीरथी म्हणे, पाणी येईल दारी."

मावशीचे डोळे मिटलेलेच होते. बाजेच्या लाकडावर तिची बोटं हलली. तालात.

त्याच आठवड्यात ती गेली. आमच्या चाळीत ते गाणं अजून म्हणतात, ते दोन शब्द गाळूनच.