लाकडी हत्तीचे एकशे ऐंशी

पोळ्यानंतरचा पहिला बुधवार, सकाळची वेळ. रक्कम एकशे ऐंशी रुपये. जागा, आमच्या गावच्या सोसायटीच्या चेअरमनचं घर, ओसरीची पायरी. हजर: चेअरमनच्या पत्नी, ज्यांना सगळं गाव काकू म्हणतं, पालक वर्गाच्या मॅडम, धाराशिवहून आलेल्या, गावातल्या नऊ आया आणि त्यांची लेकरं, माझी नात यशू, वय अडीच, आणि मी.

पैसे मी दिले. काकूंनी घेतले. पण हातात घेतले नाहीत.

"ठेव तिथं, पायरीवर."

शंभराची एक, पन्नासची एक, विसाची एक, दहाची एक. चार नोटा मी पायरीवर ठेवल्या. वारा होता.

"उडत्याल की. वर खडा ठेव."

मी अंगणातला खडा उचलला आणि नोटांवर ठेवला. माझं वय एक्कावन्न. पोराचं लग्न झालेलं, घर स्वतःचं, कुणाचं देणं नाही. आणि नऊ बायांसमोर मी वाकून खडा ठेवला.

पैसे एका लाकडी हत्तीचे होते. माझ्या नातीनं तो तोंडात घातला, म्हणून.

हा पालक वर्ग एका संस्थेनं आमच्या गावात सुरू केला. माकणीहून उमरग्याकडं जाताना आमचं गाव लागतं. तीन वर्षांच्या आतली लेकरं आणि त्यांचं कुणीतरी मोठं माणूस, यांनी दर बुधवारी एका घरी जमायचं. लेकरांशी बोलायचं कसं, खेळायचं कसं, ते मॅडम दाखवायच्या. एक मोठी निळी पेटी होती. तीत लाकडी हत्ती, कापडी चेंडू, ठोकळे, चित्रांची पुस्तकं. पेटी आठवडाभर त्या घरी राहायची. शेजारपाजारच्या लेकरांनी तिथं येऊन खेळायचं. पुढच्या बुधवारी पेटी पुढच्या घरी, वर्गही तिथंच. घरांची पाळी लावली होती. पहिल्या सभेत मॅडम म्हणाल्या, "पेटी सगळ्या गावाची आहे. एकही घर सुटता कामा नये." टाळ्या पडल्या. काकू गटप्रमुख झाल्या.

आम्ही बौद्ध. आमची वस्ती ओढ्याच्या पलीकडं. मी ठेकेदाराच्या हाताखाली विजेच्या मीटरचं रीडिंग घेतो. गावात मीटर बहुतेक ओसरीतच असतं. त्यामुळं या गावातली प्रत्येक ओसरी मला ठाऊक आहे. ओसरीच्या आतलं एकही घर ठाऊक नाही.

मी या वर्गाला का गेलो? यशू बोलत नव्हती, म्हणून. अडीच वर्षांची झाली तरी आई, पाणी, नको, एवढंच. माझी सून प्रतिभा उमरग्याच्या एका दवाखान्यात नर्स आहे. तिनं तिथल्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, कान चांगले आहेत, तिला लेकरांत सोडा, घरात सारखं तिच्याशी बोला, मग परत आणा. आमच्या वस्तीत तिच्या वयाचं लेकरू नाही. एक आहे, ते अजून पाळण्यात. पोरगा ट्रकवर असतो, बायको रोजानं जाते. बुधवारी माझी फेरी नसते. म्हणून मी.

वर्गात बाप्या माणूस मी एकटाच. पहिल्या दिवशी एक बाई पदराआडून म्हणाली, "आता बाप्येबी अंगाई म्हणणार का काय?"

रेणुका म्हणून एक तरणी सून होती, ती लगेच बोलली, "म्हणू द्या की, मावशी. आमच्या घरचं माणूस तर लेकराला कोणत्या कुशीवर झोपवायचं ते मलाच इचारतंय."

सगळ्या हसल्या. मीही हसलो.

आया आत सतरंजीवर बसायच्या. मला उंबऱ्याच्या अलीकडं बसवायचे. "तुम्ही बाप्या माणूस, तुम्हाला इथं मोकळं बरं," असं सांगायचे. मी पुरुष आहे म्हणून बाहेर, असं मी धरून चाललो. यशू आतबाहेर करायची. तिला तेवढं मोकळं होतं. चौथ्या बुधवारी ती आतून पळत आली, माझ्या गुडघ्यावर हात मारला आणि आत बोट दाखवून म्हणाली, "अत्ती."

घरी मी सगळ्यांना सांगितलं. प्रतिभा ड्यूटीवर होती, तिला फोन लावून सांगितलं. फोनवर यशूकडून पुन्हा म्हणवून घेतलं. अत्ती.

मग तो बुधवार. वर्ग काकूंकडं होता. काकूंचा नातू शौर्य, यशूएवढाच. तो हत्तीची सोंड चावत बसला होता. लाळ हनुवटीवरून ओघळत होती. मॅडमनी सगळ्यांना दाखवलं.

"बघा, कसा चव घेऊन बघतोय. हीच त्याची शाळा. असं काही केलं तर हिसकावायचं नाही, ओरडायचं नाही."

काकू म्हणाल्या, "गुलाम हाय नुसता." आया हसल्या.

शौर्यनं हत्ती टाकला. यशूनं उचलला. तीच सोंड, तिनं तोंडात घातली.

काकू उठल्या. एवढ्या जड अंगाच्या बाईला इतक्या लवकर उठताना मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी हत्ती हिसकावला.

"अगं बया! उष्टा केला की हिनं! आता ह्यो माझ्या नातवाच्या तोंडात घालू व्हय?"

यशू रडली नाही. ती आपल्या रिकाम्या हाताकडं बघत राहिली. मॅडम मोबाईल बघू लागल्या. मग बाहेर माझ्याजवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "दादा, स्वच्छतेचा प्रश्न आहे. आपण नवीन हत्ती आणू. खर्च तेवढा तुम्ही दिला तर विषय इथंच मिटेल. एकशे ऐंशीला मिळतो."

माझ्या तोंडाशी आलं होतं की शौर्यच्या लाळेचे किती लावले. मी बोललो नाही. पुढच्या बुधवारीही यशूला वर्गाला यायचं होतं. मी खिशात हात घातला. पुढचं सांगितलं आहे. पायरी, चार नोटा, खडा.

त्या दिवसापासून यशूनं अत्ती म्हणणं सोडलं. नवा हत्ती पेटीत आला. तेवढं खरं, मी पाहिला. दुसऱ्या घरी वर्ग झाला तेव्हा मी तो तिच्यापुढं धरला. तिनं दोन्ही हात पाठीमागं नेले.

अडीच वर्षांच्या लेकराला हात पाठीमागं न्यायला कुणी शिकवलं? वर्ग तर हात पुढं करायला शिकवण्याचा होता.

महिनाअखेरीला रीडिंगची फेरी आली. मी काकूंच्या ओसरीत गेलो. शौर्य मीटरखाली बसला होता. त्याच्या तोंडात लाकडी हत्ती. जुनाच. डाव्या कानाचा टवका उडालेला, तो मी ओळखला.

मी बघतोय हे काकूंनी पाहिलं. त्यांना त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही.

"सोडा घालून उकळत्या पाण्यात धुतला. लाकूड चांगलं हाय, टाकायचं कशाला?" आणि वर म्हणाल्या, "रीडिंग नीट घे रे मीटरवाल्या. त्या दिवसाचा राग आमच्या मीटरवर काढू नको."

मी मीटरचा फोटो काढला, आकडा दोनदा तपासला आणि बाहेर पडलो. पण ओढ्यापाशी येऊन पाय थांबले.

म्हणजे उष्टं धुऊन निघत होतं. पाणी गरम केलं की काम भागत होतं. धुतलेला हत्ती त्यांच्याच नातवाच्या तोंडात चालत होता. मग मी पैसे कशाचे दिले? लाळेचे नाही. हत्तीचे नाही. माझी जागा मला दाखवली, तिचे. जागा त्यांनी दाखवायची आणि दाखवण्याची मजुरी मी द्यायची. वर खडाही मीच ठेवायचा.

वर्गात मी पुरुष म्हणून बाहेर बसत नव्हतो. हेही तिथंच कळलं. खरं तर आधीच कळलं होतं. तिथं मी ते स्वतःशी कबूल केलं.

त्यानंतर आमची पाळी आली. बायकोनं रोज बुडवला. अंगण सारवलं, सतरंजी मागून आणली, लेकरांसाठी शेंगदाण्याचे लाडू वळले. प्रतिभानं सुट्टी घेतली. साडेदहा वाजले. कुणी नाही. अकरा वाजता मॅडमची स्कूटर आली. मागं बांधलेली एक लाल पेटी. कोरी.

"दादा, आनंदाची बातमी! तुमच्या वस्तीसाठी स्वतंत्र पेटी मंजूर करून आणली. आता पाळीची वाटच बघायला नको. पेटी कायम तुमचीच." त्यांनी मोबाईल काढला. "यशूला कडेवर घ्या, पेटीवर हात ठेवा. एक फोटो, एक सही."

प्रतिभा म्हणाली, "आणि निळी पेटी कुठं आहे, मॅडम? आज तिची इथं पाळी होती."

"आजचा वर्ग काकूंकडं ठेवलाय. तात्पुरता. आयांना इकडं लांब पडतं."

मी म्हणालो, "आमच्या घरापासून काकूंचं घर जेवढं लांब, तेवढंच काकूंच्या घरापासून आमचं घर लांब. आम्ही येतोच की."

मॅडमचा चेहरा उतरला. त्या वाईट बाई नव्हत्या. पण त्यांचं बोलणं ऐका. "मी गाव बदलायला नाही आले, दादा. मी लेकरांसाठी आले. मोठ्यांच्या भांडणात यशूचं नुकसान कशाला? ती अजून बोलत नाही ना?"

तिथं त्यांनी बरोबर बोट ठेवलं. यशूचं बोलणं हीच माझी नस होती. ती दाबली की मी वाकतो, हे एकदा सिद्ध झालं होतं.

"ती लेकरांत बोलेल म्हणून मी वर्गाला येतो," मी म्हणालो. "या वस्तीत तिच्या वयाचं दुसरं लेकरू नाही. तुमची पेटी घेऊन ती बोलणार कुणाशी? पेटीशी?"

त्या पेटीची दोरी सोडू लागल्या.

"पेटी परत न्या. सही होणार नाही. फोटो होणार नाही. आणि वर्ग जिथं आहे तिथं आम्ही चाललो."

मी यशूला कडेवर घेतलं. ओढा ओलांडला, गावातून सरळ गेलो. मॅडम स्कूटर घेऊन मागं. चेअरमनच्या ओसरीत पायताण काढलं. मीटर डाव्या हाताला होतं. त्या दिवशी मी त्याच्याकडं बघितलं नाही. उंबरा ओलांडला आणि आत सतरंजीवर जाऊन बसलो. यशूला खाली सोडलं.

दोन बाया आपलं लेकरू उचलून भिंतीकडं सरकल्या. काकू म्हणाल्या, "हे काय? तुमची तर नवी पेटी आली न्हवं?"

"परत पाठवली."

"का? लाल रंग न्हाय आवडला?"

कुणी हसलं नाही. यशू उभीच होती. निळी पेटी उघडी होती. वर नवा हत्ती. ती बराच वेळ बघत राहिली. मग पुढं झाली, हत्ती काढला, माझ्याकडं पाहिलं आणि सोंड तोंडात घातली.

काकूंचा हात पुढं आला. मी मधे हात धरला. त्यांच्या हाताला लावला नाही. मधे धरला.

"न्हाय, काकू. आज हिसकावायचं न्हाय."

"मग भर पैसे! एकशे ऐंशी! पुन्हा भर!"

"आधी शौर्यचे भरा. त्याच सोंडेला त्याचंबी तोंड लागलं होतं. मागचा हत्ती तर अजून तुमच्या घरात हाय. त्याचे पैसे मी भरलेत."

रेणुका मधेच बोलली, "माझ्याबी पोरानं चेंडू चघळलाय, काकू. माझे किती झाले?"

काकू तिच्यावर उसळल्या. "तू गप गं! घरी येऊन सांगते तुझ्या सासूला!"

रेणुकानं मान खाली घातली. पण जागेवरून उठली नाही. मॅडम दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "वाद नको, प्लीज, लेकरं घाबरतात." लेकरं घाबरली नव्हती. यशू चावत होती, शौर्य ठोकळे आपटत होता.

वर्ग संपेपर्यंत मी बसलो.

संध्याकाळी चेअरमन ओढ्यापाशी गाडी लावून माझी वाट बघत होते. पाचशेची नोट पुढं केली. "हे घे. जास्तच हायत. केसबिस काही करू नको, विषय मिटव. आणि वर्गाला इकडं येत जाऊ नको."

मी म्हणालो, "एकशे ऐंशी सुटे आणा. काकूंनी आणायचे. त्याच बायांसमोर, माझ्या हातात द्यायचे. पायरीवर न्हाय. आणि वर्गाला मी येणार."

"लई माजलायस."

"व्हय," मी म्हणालो.

पुढच्या बुधवारी तीन आया आल्या नाहीत. त्याच्या पुढच्या बुधवारी आणखी एक कमी. संस्थेच्या ऑफिसातून मला फोन आला, हजेरी घटली तर गावातला वर्ग बंद करावा लागेल, समजून घ्या. मी सांगितलं, बंद पडला तर माझं नाव सांगा. पण मी घरी बसलो म्हणून तो चालू राहिला, असं मात्र होणार नाही. लेकरांना वेगळं वाढवायचं असेल तर त्याला पालक वर्ग म्हणू नका.

यशू अजून फारशी बोलत नाही. अत्ती परत आलेलं नाही. बोलेल तेव्हा बोलेल. तोवर दर बुधवारी तिला घेऊन मी उंबरा ओलांडतो आणि सतरंजीवर बसतो. ज्याला भिंतीकडं सरकायचं असेल त्यानं सरकावं. भिंतीच्या पुढं जागा नाही.

हिशेब एवढाच. माझ्याकडून काकूंना एकशे ऐंशी रुपये, एकदा, पायरीवर, खड्याखाली. काकूंकडून मला आजवर काही नाही. चेअरमनचे पाचशे घेतले नाहीत. ते एकशे ऐंशी मी सोडलेले नाहीत. आणि इथून पुढं त्या घराला माझ्याकडून एकच गोष्ट मिळेल, महिन्याचं रीडिंग. ते बरोबर असेल. एक युनिट कमी नाही, एक युनिट जास्त नाही.